कडू बी ‘गोडे’ करणारा शब्द

गेल्या हिवाळ्यात एका स्पॅनिश पाककृतीचा मराठी अनुवाद करायला बसलो होतो. पाककृती अगदी साधी. वाळलेल्या बिया, पाणी आणि मीठ, एवढेच जिन्नस. साखर नाही, गूळ नाही, मध नाही. पण पहिल्याच ओळीत एक क्रियापद आडवे आले, ‘एन्दुल्सार’. कोशात अर्थ पाहिला तर ‘गोड करणे’. साखरेचा कणही न घालता, शेवटी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या बिया ‘गोड’ कशा होणार? आधी वाटले, छपाईची चूक असेल. मग त्या बियांचा इतिहास वाचत गेलो आणि एका शब्दासाठी सुरू झालेला शोध थेट अंदालुसपर्यंत जाऊन पोचला. त्या प्रवासाची ही हकिकत.

या बियांना स्पॅनिशमध्ये ‘आल्त्रामुस’ म्हणतात. इंग्रजीत ल्युपिन. दिसायला चपट्या, गोल, फिकट पिवळ्या, शर्टाच्या बटणासारख्या. हरभऱ्याच्या कुळातल्याच, पण आकाराने रुंद. दक्षिण स्पेनमध्ये आजही गाड्यांवर आणि जत्रेत खाऱ्या बिया-दाण्यांच्या शेजारी त्या विकायला असतात. सालीला दाताने छोटी चीर पाडायची, दोन बोटांनी दाबायचे, की आतला दाणा सुटकन तोंडात येतो. साल फेकून द्यायची. ही फेकलेली साल पुढे महत्त्वाची आहे, ती लक्षात ठेवा.

कच्ची बी मात्र खाण्यासारखी नसते. तिच्यात कडू अल्कलॉइड असतात. ते पोटात गेले तर तोंड कोरडे पडते, डोळ्यांपुढे अंधूक होते, चक्कर येते. म्हणून बिया आधी रात्रभर भिजवायच्या, मग उकडायच्या आणि त्यानंतर कित्येक दिवस पाणी बदलत राहायचे. जुन्या काळी बियांचे पोते वाहत्या ओढ्यात बांधून ठेवत. रोज एक दाणा चाखून बघायचा. कडवटपणा पुरता गेला, की मगच मिठाच्या पाण्यात घालायच्या. या सगळ्या खटाटोपाचे नाव ‘एन्दुल्सार’. कडू ऑलिव्ह खाण्याजोगे करण्यालाही स्पॅनिश माणूस हेच क्रियापद वापरतो.

म्हणजे इथे ‘गोड’ याचा अर्थ ‘साखरेसारखे’ असा नाही. ‘कडू नसलेले’, ‘माणसाने तोंडात घालण्याजोगे’ असा आहे.

हे कळले आणि माझे मलाच हसू आले. कारण मराठी माणसाला हा अर्थ शिकवण्याची गरजच नव्हती. आपण विहिरीच्या पाण्याला ‘गोडे पाणी’ म्हणतो, त्यात साखर असते का? ‘गोडे तेल’ गोड लागते का? समुद्राचे ते खारे आणि पिण्याचे ते गोडे. स्पॅनिशमध्येही नदीच्या पाण्याला ‘आग्वा दुल्से’, म्हणजे गोडे पाणीच म्हणतात. कुरआनात सूरह अल-फुरकानमध्ये दोन दर्यांचा उल्लेख येतो, एक गोड पाण्याचा आणि दुसरा खारट-कडू पाण्याचा. तिथेही गोडीचा अर्थ तोच, तहान भागवणारे.

अरबी भाषेत तर या बियांच्या बाबतीतही हाच शब्दप्रयोग आहे. कैरोमधली गृहिणी बियांचा कडूपणा काढण्याला ‘तहलिया’ म्हणते. ‘हलवा’ ज्या धातूपासून आला, त्याच धातूचा हा शब्द. समुद्राचे पाणी पिण्यालायक करण्याच्या मोठमोठ्या कारखान्यांनाही आज अरब देशांत ‘तहलिया’चेच कारखाने म्हणतात.

इथे एक मोह होतो. ‘पाहा, स्पॅनिश लोकांनी हाही शब्दप्रयोग अरबांकडूनच उचलला’ असे म्हणून टाकावे. आपल्याकडच्या लेखांत हा मोह फार दिसतो. पण ‘एन्दुल्सार’ लॅटिन मुळाचा आहे आणि गोड-कडूचा हाच विचार मराठीनेही केलेला आहे, अंदालुसशी काही संबंध नसताना. कडू बी आणि स्वच्छ पाणी समोर असेल, तर कुठलीही भाषा तिथवर आपली आपण पोचते. सारखेपणा दिसला की लगेच वारसा सांगायचा नाही, हे इतिहास वाचताना पाळलेले बरे.

बियांच्या नावाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे वारसा नक्की आहे.

तुर्मुस ते आल्त्रामुस

‘आल्त्रामुस’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. सुरुवातीचा ‘आल’ म्हणजे अरबी ‘अल्’. उरलेला शब्द ‘तुर्मुस’. अंदालुसच्या बोलीतला ‘अत्-तुर्मुस’ स्पॅनिश जिभेवर ‘आल्त्रामुस’ झाला. पोर्तुगीजांनी पुढचा ‘अल्’ टाकून दिला आणि ‘त्रेमोसु’ केले. पण अरबांनी तरी हा शब्द कुठून आणला? तो ग्रीक ‘थेर्मोस’वरून आला. म्हणजे ज्याला आपण अरबी शब्द म्हणतो, तोही एके काळी पाहुणाच होता. स्पॅनिश स्वयंपाकातला ‘एस्काबेचे’ हा शब्दही असाच. आंबट रस्सा घालून मासे टिकवण्याची ती पद्धत. त्याचे मूळ अरबी ‘सिक्बाज’ आणि त्याचेही मूळ फारसी. शब्दांच्या वंशावळीत शुद्ध रक्त शोधणाऱ्याला स्वयंपाकघरात फारसे काही सापडत नाही.

बाराव्या शतकाच्या अखेरीस सेव्हिल्यात, म्हणजे त्या वेळच्या इश्बीलियात, इब्न अल-अव्वाम नावाचा शेतीतज्ज्ञ होऊन गेला. त्याचा ‘किताब अल-फिलाहा’ हा शेतीवरचा मोठा ग्रंथ आहे. त्यात कडधान्यांच्या ओळीत तुर्मुसलाही जागा आहे. हलक्या जमिनीत येणारे, जमिनीचा कस वाढवणारे आणि कडू असल्यामुळे गुरांनाही सहजी न खाता येणारे हे पीक गरिबाच्या उपयोगाचे होते.

गरिबाचे खाणे म्हणूनच ते साहित्यातही आले. १३३५ साली दोन हुआन मानुएल या कास्तीलच्या सरदाराने ‘एल कोन्दे लुकानोर’ हा कथासंग्रह पुरा केला. स्पॅनिश गद्याच्या आरंभीच्या थोर ग्रंथांत त्याची गणना होते. त्यातली दहावी कथा या बियांचीच आहे. एके काळी श्रीमंत असलेला एक माणूस इतका गरीब होतो, की त्याला खायला वाडगाभर आल्त्रामुसच मिळतात. पूर्वीचे दिवस आठवून तो रडतो. बिया कडू, पण भूक मोठी. तो खात राहतो आणि साली मागे फेकत राहतो. मध्येच मागे वळून पाहतो, तर दुसरा एक माणूस त्या साली वेचून खात असतो. तोही एके काळी धनवान होता. पहिल्या माणसाला धीर येतो आणि तो उठून आपली स्थिती सुधारायला लागतो.

ही कथा दोन हुआन मानुएलने रचलेली नव्हती. फेर्नांदो दे ला ग्रांखा या स्पॅनिश अरबीतज्ज्ञाने १९५९ साली तिचे अरबी मूळ दाखवून दिले. अरबी कथेत अंदालुसचा एक माणूस इजिप्तमध्ये आहे. दिवस ईदचा. सगळे आपापल्या घरी गोडधोड खायला गेलेले. याच्याजवळ फक्त थोडे तुर्मुस. तो नाईलच्या काठी बसून ते खातो, साली खाली टाकतो आणि मनात म्हणतो, आज या शहरात माझ्याहून वाईट अवस्था कुणाची असेल? नजर वर करतो, तर एक माणूस त्या साली उचलून खाताना दिसतो.

ईदच्या दिवशी परक्या मुलखात एकटे असणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक आहे. कास्तीलच्या कथेतून ती ईद निघून गेली, नाईलही गेली. तुर्मुस तेवढे राहिले. पुढे काल्देरोनच्या १६३६ साली छापलेल्या ‘ला विदा एस सुएन्यो’ या नाटकात हीच गोष्ट पुन्हा येते. तिथे गरीब माणूस एक ज्ञानी पुरुष झालेला आहे आणि तुर्मुसच्या जागी रानातला पाला आला आहे. गोष्ट जिवंत राहिली, पण तिची बी हरवली. अनुवादात, रूपांतरात काय गळून पडते, ते इथे दिसते.

भाषेवर बंदी

दोन हुआन मानुएल आणि काल्देरोन यांच्या मधल्या तीनशे वर्षांत स्पेनमध्ये जे घडले, ते या गळून पडलेल्या गोष्टींहून फार मोठे होते. १४९२ साली ग्रॅनडा पडले. तहात मुसलमानांचा धर्म आणि रीतिरिवाज राखण्याचे वचन होते. दहा वर्षांतच ते मोडले. १५०२ साली कास्तीलच्या मुसलमानांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या, ख्रिस्ती व्हा किंवा देश सोडा. जे ख्रिस्ती होऊन राहिले, त्यांना ‘मोरिस्को’ म्हटले गेले.

याच काळात, १५०५ साली, पेद्रो दे आल्काला या धर्मगुरूने ग्रॅनडात कास्तिलियन-अरबी शब्दसंग्रह छापला. पाद्र्यांना या नव्या ख्रिस्ती लोकांशी बोलता यावे, हा त्याचा हेतू. माणसे बदलण्यासाठी का होईना, त्यांची भाषा शिकण्याची गरज तेव्हा वाटत होती. साठ वर्षांनी तीही उरली नाही. १ जानेवारी १५६७ रोजी ग्रॅनडात राजा दुसऱ्या फेलिपेचा हुकूम पुकारला गेला. तीन वर्षांत सर्वांनी कास्तिलियन शिकायची. त्यानंतर अरबी बोलणे, वाचणे, लिहिणे गुन्हा. घराबाहेरही आणि घरातही. मोरिस्कोंचा पोशाख, स्त्रियांचे बुरखे, हमाम, अरबी नावे, सगळ्यांवर बंदी आली.

फ्रान्सिस्को नून्येस मुले या वयोवृद्ध मोरिस्को सरदाराने त्या हुकुमाविरुद्ध अर्ज केला. त्याचा अर्ज आजही उपलब्ध आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. त्याचा एक मुद्दा असा, की भाषेचा धर्माशी काय संबंध? माल्टाचे लोक पक्के ख्रिस्ती आहेत आणि अरबी बोलतात. मग अरबी बोलल्याने आमच्या ख्रिस्ती असण्यात काय उणे येते? म्हाताऱ्या माणसांनी तीन वर्षांत नवी भाषा शिकायची कशी, हेही त्याने विचारले. कुणी ऐकले नाही. पुढच्याच वर्षी आल्पुहारासच्या डोंगरात बंड उठले आणि १५७१ पर्यंत ते रक्तपाताने मोडून काढले गेले.

शेवटी १६०९ ते १६१४ या पाच वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्को स्पेनबाहेर काढले गेले. यातल्या कित्येकांना अरबी येतही नव्हती. त्यांची मायबोली स्पॅनिशच होती. आपली धर्माची पुस्तकेसुद्धा ते स्पॅनिशमध्ये लिहीत, फक्त लिपी अरबी वापरत. १८८४ साली आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावात एका जुन्या घराच्या खोट्या फरशीखाली अशा हस्तलिखितांचा साठाच सापडला. ट्युनिसला पोचलेल्या मोरिस्कोंनी तिथे इस्लामवर लिहिले, तेही स्पॅनिशमध्येच. ज्या देशाने ‘तुम्ही आमचे नाही’ म्हणून हाकलले, त्या देशाची भाषा त्यांनी टाकली नाही.

आणि त्या देशालाही त्यांची भाषा टाकता आली नाही. ‘घरातही अरबी बोलू नका’ असा हुकूम निघाला, तेव्हा त्या घरात तेल ‘आसेइते’ होते, साखर ‘आसूकार’, भात ‘आर्रोस’, ऑलिव्ह ‘आसेइतूना’. सगळे अरबीच. हुकूम लिहिणारा कारकून संध्याकाळी घरी जाऊन आसेइतूना खातच असणार. १६११ साली, हकालपट्टी ऐन भरात असताना, सेबास्तियान दे कोवार्रुबियास याचा कास्तिलियन भाषेचा मोठा कोश प्रसिद्ध झाला. कितीतरी शब्दांपुढे त्याने अरबी मूळ नोंदवले. बंदरात माणसे जहाजात चढवली जात होती आणि कोशात त्यांचे शब्द उतरवले जात होते.

तोलेदोच्या बाजारातला अनुवादक

या सगळ्यावर तिरकस नजर टाकणारा लेखक म्हणजे सेर्वान्तेस. ‘दोन किहोते’चा पहिला भाग १६०५ चा. त्याच्या नवव्या प्रकरणात निवेदक सांगतो, की ही कथा मुळात माझी नाही. तोलेदोच्या बाजारात मला अरबी लिपीतल्या वह्या मिळाल्या, लिहिणारा सीदे आमेते बेनेन्हेली नावाचा अरब इतिहासकार. वाचता येत नाही म्हणून निवेदक एका मोरिस्कोला गाठतो. तो वही उघडतो आणि हसू लागतो. समासातल्या टिपेत लिहिलेले असते, की नायिका दुल्सिनेआ हिचा डुकराचे मांस मिठात घालण्यात सगळ्या ला मान्चात हात धरणारी बाई नव्हती.

डुक्कर खातो की नाही, यावरून माणसाची चौकशी होण्याचे ते दिवस. त्या दिवसांत अरब इतिहासकाराची, मोरिस्कोने अनुवादलेली पहिलीच गोष्ट खारवलेल्या मांसाची. मोरिस्को का हसला असेल, हे सेर्वान्तेस सांगत नाही, त्याला सांगायची गरजही नाही. अनुवादाची मजुरीही ठरते, दोन आरोबा, म्हणजे सुमारे २३ किलो, मनुका आणि दोन फानेगा गहू. दीड महिन्यात काम पुरे. स्पेनच्या सर्वांत मोठ्या कादंबरीचा हा काल्पनिक अनुवादक मजुरी म्हणून खाण्याच्या वस्तू घेतो आणि त्याचे नाव मात्र कुठेच येत नाही.

१६१५ साली दुसरा भाग आला, तेव्हा देशात मोरिस्को उरले नव्हते. त्यात दोन किहोते सांचोला शिकवतो, की ‘आल’ने सुरू होणारे शब्द मूरांचे. उदाहरणे देताना तो ‘आल्मोर्सार’ (न्याहारी करणे) हेही सांगतो. गंमत अशी, की तो शब्द लॅटिन मुळाचा आहे. शब्दाच्या तोंडावळ्यावरून त्याची जात ठरवली, की अशी फसगत होते.

पुढची गोष्ट १८०२ ची. ज्या राजसत्तेने अरबी वाचणे गुन्हा ठरवले होते, तिच्याच राजमुद्रणालयात माद्रिदला इब्न अल-अव्वामचा शेतीग्रंथ दोन खंडांत छापला गेला. अरबी मजकूर आणि शेजारी कास्तिलियन अनुवाद. अनुवादक होसेफ आंतोनियो बांकेरी हा पाद्री. शेती सुधारायची तर त्या जुन्या ज्ञानाची गरज आहे, हे राज्याला उमगले होते. पण ज्यांच्या घरी ती भाषा बोलली जात होती, त्यांना जाऊन दोन शतके झाली होती. बांकेरीला शब्दन् शब्द पुस्तकांतून शोधावा लागला. ‘तुर्मुस’पाशी मात्र त्याला फार अडावे लागले नसेल. तो शब्द त्याच्या गल्लीतल्या फेरीवाल्याकडे होता.

मराठीत काय म्हणायचे?

आता माझ्या पाककृतीकडे परत येतो. ‘आल्त्रामुस’ला मराठीत ‘ल्युपिन’ म्हणणे सर्वांत सोपे. पण मग स्पेन आणि मराठी यांच्यामध्ये इंग्रजी येऊन बसते आणि आठशे वर्षांचा इतिहास एका फटक्यात पुसला जातो. संस्कृत घडणीचा नवा शब्द करता येईल, पण तो कुणाच्या तोंडी बसणार?

उत्तर माझ्या जवळच होते. युनानी वैद्यकात ही बी जुनी औषध आहे. हकिमांच्या यादीत तिचे नाव ‘तुर्मुस’ किंवा ‘बाकला-ए-मिस्री’. म्हणजे स्पेनला गेलेला शब्द दुसऱ्या वाटेने हिंदुस्थानातही आलेला होता. फक्त इथे तो अत्ताराच्या बरणीत राहिला, ताटात आला नाही. तेव्हा बियांना ‘तुर्मुस’ म्हणायचे, हे ठरले.

मिठाच्या पाण्यासाठी तर मराठीइतका नेमका शब्द शोधून सापडायचा नाही. ‘खार’. आपण कैरी खारात घालतो, लोणच्याचा खार भातावर घेतो. आणि कडूपणा काढण्याचे म्हणाल, तर कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा. कडवे वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, सोलायचे, मग बिरडे. हिंदूच्या घरी तेच, कोकणी मुसलमानाच्या घरीही तेच. तुर्मुससारखा विषारीपणा वालात नाही, पण कडू दाण्याला पाण्याने वळवायची रीत आपल्या हाताला ठाऊक आहे.

काही जणांना प्रश्न पडेल, की ‘तुर्मुस’सारखा अरबी शब्द मराठीत घ्यायचा कशाला? आपल्याकडे शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. त्यांची तुलना स्पेनमधल्या छळाशी करणे अन्यायाचे होईल. कोश करणे आणि माणसे हाकलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या प्रयत्नांतून मराठीला चांगले शब्दही मिळाले. पण ‘दिनांक’ आला म्हणून ‘तारीख’ गेली नाही. आणि मसाला, हलवा, सरबत, तवा, चमचा यांना हात लावायची कुणाला आठवणही झाली नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलेला काजू तर आपण खारवून इतका आपलासा केला, की तो परका होता हे सांगावे लागते.

उलट बाजूचा मोहही टाळायला हवा. ‘स्पॅनिशमधले हे शब्द बघा, आम्ही तुम्हाला खायला शिकवले’ असे म्हणण्यात आपल्याला सुख वाटते. पण तुर्मुस आपणही ग्रीकांकडून घेतला होता. अंदालुसची आठवण काढायची ती तोरा मिरवण्यासाठी नको. नून्येस मुलेचा प्रश्न अजून संपलेला नाही, म्हणून काढायची. माणसाची भाषा एक आणि धर्म दुसरा असू शकतो का? मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला ‘तुम्ही मराठी इतके चांगले कसे बोलता?’ असे अजूनही विचारले जाते. ट्युनिसमधल्या मोरिस्कोंनाही तिथल्या लोकांनी स्पॅनिशबद्दल असेच काही विचारले असेल. त्यांचे उत्तर एकच असणार, की ही आमच्या आईची भाषा आहे.

पाककृतीची ओळ शेवटी मी अशी लिहिली: ‘तुर्मुस भिजवून, उकडून, रोज पाणी बदलत गोडे करून घ्यावेत आणि मग खारात घालावेत.’ ‘गोड’ नाही, ‘गोडे’. एका मात्रेचा फरक आहे, पण मराठी वाचणारा त्यात साखर घालणार नाही. या वाक्यात ग्रीकमधून अरबीत आलेला एक शब्द आहे, बाकीचे शब्द आपल्या रोजच्या मराठीतले आहेत आणि सगळे मिळून एका स्पॅनिश पदार्थाची कृती सांगतात. वाचून दाखवल्यावर अम्मी म्हणाली, ‘हे तर वालासारखंच झालं. पाणी किती दिवस बदलायचं, तेवढं नीट लिही. लोक आळस करतात.’

तेवढे नीट लिहिले आहे. दाणा चाखून पाहावा, कडू लागेनासा झाला की मगच मीठ घालावे.